तीन तोळ्यांचा आरसा

'बिडकीन' हा शब्द १८ बाइटांचा आहे. मोजून बघा: ब, पहिली वेलांटी, ड, क, दुसरी वेलांटी, न. चिन्हं सहा, आणि संगणक देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइटांत साठवतो. तोच शब्द रोमन लिपीत लिहिला तर ६ बाइटांत भागतं. रोजच्या व्यवहारात हा फरक कुणाच्या गावी नसतो. पण टॉवर पडलाय, वीज गेलीय, फायबर वाहून गेलंय आणि हातात फक्त एक हॅम, म्हणजे हौशी लोकांचा, रेडिओ आहे, अशा वेळी माणूस एकेक बाइट मोजायला लागतो, बाजारात सुटे पैसे मोजावेत तसा.

१९९० च्या सुमारास जर्मनीतल्या हौशी रेडिओवाल्यांनी 'पॅक्टर' नावाची एक पद्धत तयार केली. तिचा पहिला अवतार एका खेपेत २० बाइट नेतो. खेप सव्वा सेकंदाची. त्यातला बराचसा वेळ पाठवणारा बोलतो, मग गप्प बसतो, आणि पलीकडून उत्तर येतं: 'मिळालं' किंवा 'पुन्हा पाठव'. 'मिळालं' म्हटल्याशिवाय पुढची खेप सुटत नाही. 'बिडकीन' एका खेपेत मावतं, वर दोन बाइट शिल्लक राहतात. बिडकीन गावाहून पुढे पैठणला गेलं तर 'एकनाथ' १५ बाइटांत, म्हणजे एकाच खेपेत बसतात. 'ज्ञानेश्वर' मात्र ३० बाइट घेतात, कारण जोडाक्षरातला अर्धा ज आणि अर्धा श यांचा पाय मोडण्याचेसुद्धा तीन-तीन बाइट पडतात. माउलींना दोन खेपा.

देवनागरीला तिप्पट जागा का लागते, त्यामागे एक गंमत आहे. प्रत्येक अक्षराच्या तीन बाइटांपैकी पहिला कायम २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५, आणि खरं अक्षर तिसऱ्यात. म्हणजे प्रत्येक अक्षर आधी जिल्हा सांगतं, मग तालुका, आणि मग स्वतःचं नाव. पन्नास अक्षरं ओळीनं उभी असली तरी पन्नास वेळा तोच जिल्हा. ईमेल पाठवण्याआधी सॉफ्टवेअर मजकूर दाबून लहान करतं तेव्हा ही पुनरुक्ती बरीचशी गळून पडते, त्यामुळे लांब पत्रात मराठीचं तितकंसं नुकसान होत नाही. आखूड निरोपात होतं, आणि संकटातले निरोप आखूडच असतात.

सव्वा सेकंदाला २० बाइट, म्हणजे सेकंदाला १६. चांगलं चालणारं फोर-जी सेकंदाला २५ लाख बाइट सहज देतं, म्हणजे दीड लाखपट जास्त. कुठल्याही कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर 'सुप्रभात' लिहिलेलं एक चित्र येतंच. ते दीडशे किलोबाइटचं धरलं आणि सहाला निघालं, तर साडेआठ वाजून गेल्यावर पोचेल. मोबाइलवर काढलेला तीन मेगाबाइटचा फोटो पोचायला दोन दिवस आणि चार तास. दरम्यान फोटोतला पूर ओसरलेला असेल.

पुढे वेग वाढला. पॅक्टरच्या तिसऱ्या अवतारात, हवा चांगली असली तर, सेकंदाला साधारण ३४० बाइट जातात. पण त्यासाठीचा मोडेम घ्यायचा तर लाखाचा हिशेब करावा लागतो. त्यावर स्पेनमधल्या एका हौशी रेडिओवाल्यानं 'वारा' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. ते लॅपटॉपच्या साउंड कार्डावरच हे काम उरकतं. नाव मराठी वाटतं, पण तो योगायोग. तरीही मी हिशेबाला पहिला पॅक्टरच धरणार आहे. तो सगळ्यात हळू आणि सगळ्यात सोशिक, आणि प्रश्न कमीत कमीत किती भागतं हा आहे.

हे सगळं मला समजलं ते बिडकीनमधल्या एका मित्राच्या गच्चीवर. जानेवारीतली दुपार होती. पैठण रस्त्यावरून ट्रक चालले होते. त्यानं दोन खांबांमध्ये वीस मीटर तांब्याची तार ताणली होती, बरोब्बर मधोमध कापलेली, आणि कापल्या जागेवरून एक काळी केबल खाली खोलीत उतरत होती. ७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी चाळीस मीटरच्या पुढेमागे असते, तार तिच्या निम्मी. साडेतीन पैठण्या एकापुढे एक पसरल्या तर एवढी लांबी होते. एवढाच अँटेना. त्याच्या आई वाळवण बघायला वर आल्या, तारेकडे पाहून म्हणाल्या, "एवढी चांगली दोरी बांधलीस, मग कपडे वाळत घालू का हिच्यावर?" तो दचकून म्हणाला, "आई, हात नको लावू, शंभर वॅट आहेत तिच्यात." आईंनी वर घरातल्या बल्बकडे बघावं तसं बघितलं.

शंभर वॅट म्हणजे खरंच जुन्या पिवळ्या बल्बाएवढे. ते हवेत फेकायचे. बिडकीनहून पैठण हवाई रेषेत पंचवीसेक किलोमीटर. दहा-दहा मीटर उंच दोन खांबांमध्ये अतिउच्च वारंवारतेची सरळ जाणारी लहर पृथ्वीच्या गोलाईमुळे साधारण २६ किलोमीटरपर्यंतच पोचते, म्हणजे पैठण जेमतेम. त्यापुढे जायचं तर कुणीतरी डोंगरावर बसून निरोप पुढे ढकलायला हवा. देवगिरीचा डोंगर दोनेकशे मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावरून ही मजल सत्तर किलोमीटरपर्यंत जाते. त्याच्याही पलीकडे जायचं, तर वर बघावं लागतं.

तीनशे किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशानं हवेच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. त्या थराला आयनांबर म्हणतात. भर दुपारी तिथे एका घनमीटरला सुमारे शंभर खर्व, म्हणजे एक लाख कोटी सुटे इलेक्ट्रॉन असतात. आकडा मोठा वाटतो, पण जमिनीवरच्या हवेत एका घनमीटरला रेणू किती असतात ते पाहिलं की तो थर म्हणजे जवळजवळ पोकळीच. तरी ७ मेगाहर्ट्झची लहर तिथून आरशावरून परतावी तशी परतते. मला या आरशाचं वजन करून बघायची हौस आली. डोक्यावरच्या एका चौरस मीटरच्या स्तंभात सुट्या इलेक्ट्रॉनांची संख्या आपल्या अक्षांशांवर दुपारी ५ वर सतरा शून्यं, एवढी धरायला हरकत नाही. कमी-जास्त होतं, सूर्यावर अवलंबून. मराठवाड्याचं क्षेत्रफळ ६४ हजार चौरस किलोमीटरच्या वर. एका इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ठाऊक आहे. गुणाकार केला आणि उत्तर तीनदा तपासलं.

आठ जिल्ह्यांवर पसरलेल्या या आरशातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांचं मिळून वजन भरतं सुमारे तीस ग्रॅम. तीन तोळे.

बिडकीनची नवी औद्योगिक वसाहत ७,८५५ एकरांची. २९ सप्टेंबर २०२४ ला तिचं लोकार्पण झालं. सहा हजार चारशे कोटींहून जास्त खर्चाची आहे म्हणतात. तिच्यावरच्या आकाशातले इलेक्ट्रॉन वेगळे तोलले, तर ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढे भरतील. निरोप जाणार तो या अर्ध्या दाण्याच्या भरवशावर.

वर जाऊन खाली येताना लहर पसरत जाते, विरते, झिजते. पलीकडच्या रेडिओवर एक काटा असतो, त्याच्यावर एस-१ ते एस-९ असे आकडे. एस-१ म्हणजे अँटेनाच्या टोकांत ०.२ मायक्रोव्होल्ट, शक्तीच्या हिशेबात एका वॅटचा इतका छोटा अंश की दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग ८. इकडून शंभर वॅट निघाले आणि तिकडे एवढेच पोचले, तर हरवले किती पट? १ वर सतरा शून्यं, आणि वर पाव.

या संख्येला आपल्याकडे नाव आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, १२०७ साली त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारला, त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. बिडकीनहून ते ठिकाण रस्त्यानं शंभर-सव्वाशे किलोमीटर. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक, दश, शत करत करत संख्यांची नावं जातात, आणि अठराव्या, शेवटच्या स्थानाला नाव आहे परार्ध. १ वर सतरा शून्यं. त्याच्यापुढे नाव द्यायची गरज त्यांना वाटली नाही. शाळेत परार्ध पाठ करताना वाटायचं, एवढं मोठं मोजायला जगात आहे तरी काय. इथे आहे. काट्यावरचा पहिला आकडा म्हणजे पाठवलेल्या शक्तीचा परार्धावा भाग.

खरं तर सोसाट्याच्या वळवाच्या दिवसांत एवढ्या बारीक आवाजाला कुणी दाद देत नाही. आजूबाजूला कडाडणाऱ्या विजांचाच गोंगाट एस-५ पर्यंत चढतो, तेव्हा लहरही तेवढी तगडी यावी लागते. एस-५ म्हणजे पाच जलधी भागांतला एक भाग. जलधी म्हणजे १ वर चौदा शून्यं. परार्धापेक्षा बरं, एवढंच.

तरी एस-१ च्या शक्तीची कल्पना यावी म्हणून आणखी एक हिशेब. ती शक्ती अजिबात वाया न घालवता एका ग्रॅम पाण्यात, म्हणजे साधारण पळीभरापेक्षाही खूप कमी पाण्यात, साठवत राहिलो तर ते पाणी एक अंशानं तापायला सोळा-सतरा कोटी वर्षं लागतील. वेरूळ-अजिंठ्याचा, देवगिरीचा काळा कातळ लाव्हा होऊन वाहत होता त्याला सहा-साडेसहा कोटी वर्षं झाली. त्याच्याही दहा कोटी वर्षं आधी सुरुवात करायला हवी होती, म्हणजे आज पाणी एक अंशानं कोमट झालं असतं. एवढ्या शक्तीवर माणसाचा निरोप वाचता येतो, हे मला अजूनही पचत नाही.

या निरोपाचं पुढे काय होतं ते थोडक्यात. पलीकडचं केंद्र कुठेही असू शकतं. अट एकच, तिथे इंटरनेट चालू हवं. 'विनलिंक' नावाचं जगभरच्या हौशी लोकांनी चालवलेलं जाळं आहे. त्यातलं केंद्र तो निरोप उचलतं आणि साधं ईमेल म्हणून पुढे टाकतं. ज्याला मिळतं त्याच्याकडे रेडिओ असायची गरज नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कुणाच्या इनबॉक्समध्ये ते बाकीच्या ईमेलांसारखंच येऊन पडतं. जोडपत्राला १२० किलोबाइटची मर्यादा आहे, आणि आपल्या सोशिक पॅक्टरनं तेवढं पाठवायला दोन तासांच्या वर लागतात. तोंडी बोलण्यापेक्षा याचा फायदा हाच की औषधाचं नाव, रक्तगट, माणसांची यादी जशीच्या तशी पोचते. 'ओ' की 'बी' असं पुन्हा पुन्हा विचारावं लागत नाही. आणि हे पाकीट उघडं असतं. हौशी रेडिओवर सांकेतिक भाषेत गुप्त निरोप पाठवायला मनाई आहे, म्हणजे वाटेत ज्याच्याकडे साधन असेल त्यानं खुशाल वाचावं. पोस्टकार्डच ते.

मराठवाड्याला याची गरज कधी पडली? किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. ६.२ तीव्रतेचा धक्का, जवळपास दहा हजार माणसं गेली, बावन्न गावं उद्ध्वस्त. नंतरच्या दिवसांत हॅम मंडळी आपापले संच घेऊन लातूर भागात पोचली आणि बोलून, मोर्स ठोकून निरोप नेऊ लागली. ईमेलचा तेव्हा प्रश्न नव्हता.

बिडकीनहून किल्लारी हवाई रेषेत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. म्हणजे ना सरळ लहर पोचेल एवढं जवळ, ना तिरपी दूर फेकावी एवढं लांब. अशा वेळी लहर जवळजवळ उभीच वर सोडतात. ती तीनशे किलोमीटर वर जाते आणि पावसाच्या शिंतोड्यांसारखी सगळीकडे खाली पडते. अडीचशे किलोमीटरसाठी साडेसहाशे किलोमीटरची वाट, वेळ सेकंदाचा पाचशेवा हिस्सा. गच्चीवरची तार यासाठी फार उंच नसली तरी चालते, उलट बुटकीच बरी. पण पहाटे चार वाजता आपला आरसा सगळ्यात विरळ झालेला असतो. रात्रभर ऊन नाही, इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंना चिकटत गेलेले. घनमीटरमागे संख्या दहावा हिस्सा उरली, तर उभी सोडलेली ७ मेगाहर्ट्झची लहर परतत नाही, आरपार अवकाशात निघून जाते. मग ३.५ मेगाहर्ट्झवर किंवा त्याच्याही खाली उतरावं लागतं आणि तार चाळीस मीटरची करावी लागते. दुपारी तीन तोळ्यांचा असलेला आरसा पहाटे तीन-चार गुंजांवर येतो असं नाही, पण सोनाराच्या काट्यावर फरक नक्की दिसेल. म्हणून जाणता माणूस दोन तारा बांधून ठेवतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या जिल्ह्यात वर्षभरात सरासरी सातशेच्या आसपास पडतो. पण पाऊस गोदावरीच्या वरच्या अंगाला पडला तरी पाणी जायकवाडी धरणात येतंच. त्याच्या जलाशयाची, नाथसागराची, साठवण २,९०९ दशलक्ष घनमीटर, भिंत दहाएक किलोमीटर, दरवाजे २७. ऑगस्ट २००६ मध्ये तिथून अडीच लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि पैठणमध्ये पाणी शिरलं. अडीच लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सत्तर लाख लिटर. शेजारी आपला पॅक्टर ठेवा: सेकंदाला १६ बाइट. एक किलोबाइटचं पत्र पाठवायला ६२ सेकंद. तेवढ्यात गोदावरीत ४४ कोटी लिटर गेले. म्हणून पत्र लिहायचं नसतं. 'रस्ता बंद' एवढं लिहायचं, २५ बाइट, दोन खेपा, अडीच सेकंद. 'कृपया' आणि 'विनंती' घरी ठेवायचे.

वीज नसताना हे चालतं कशावर, तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. ऐंशी ॲम्पिअर-तासांची बॅटरी, तिची निम्मीच शक्ती वापरायची ठरवली आणि शंभराऐवजी चाळीस-पन्नास वॅटवर रेडिओ चालवला, तर सरासरी दहा ॲम्पिअर धरून चार तास पाठवता येतं. चार तासांत सव्वादोन लाख बाइट. शंभर अक्षरांचा निरोप तीनशे बाइटांचा धरला, तर साडेसातशे निरोप. विजांच्या गडगडाटात निम्म्या खेपा पुन्हा पाठवाव्या लागल्या, तरी पावणेचारशे. एका मोबाइल फोटोच्या तेराव्या हिश्श्यात अख्ख्या गावातल्या घरटी एकेकाची खबर बसते. मी हा आकडा मित्राला सांगितला तेव्हा तो म्हणाला, "आणि टाइप कोण करणार?" हे मी धरलंच नव्हतं. साडेसातशे निरोप एका माणसानं टाइप करायचे तर पॅक्टर वाट बघत बसेल. सगळ्या साखळीत हळू निघाला तो माणूसच.

याच कारणासाठी पोर्तो रिकोला २०१७ साली मारिया वादळानंतर अमेरिकन रेड क्रॉसनं पन्नास हॅम मागितले होते. बावीस गेले. वाचलेल्यांची नावं गोळा करायची आणि रेडिओ-ईमेलनं बाहेर पाठवायची, हे काम. त्याच महिन्यात, दोन आठवडे आधी, इर्मा वादळ कॅरिबियन बेटांवर असताना वेगळंच घडलं. ६ सप्टेंबरला सूर्यावर एक्स-९.३ श्रेणीचा भडका उडाला. पंधरा कोटी किलोमीटर अंतर, आठ मिनिटं वीस सेकंद, आणि पृथ्वीच्या उजेडाकडच्या बाजूला वारंवारतेचे हे पट्टे मुके झाले. आरसा फुटला नव्हता. त्याच्याखालच्या थरात एवढे इलेक्ट्रॉन सुटे झाले की लहर आरशापर्यंत पोचायच्या आतच गिळली जाऊ लागली. ऐन वादळात हॅम लोकांचे रेडिओ गप्प. ज्या सूर्यानं तीन तोळ्यांचा आरसा घडवला त्यानंच त्याच्याखाली धुकं सोडलं.

आरशावर भरवसा नसेल तर स्वतःचाच पोस्टमन वर पाठवता येतो. हा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह बनवला, दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोपेक्षा दहा ग्रॅम कमी. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी ३४ नं इतर १९ उपग्रहांबरोबर तो पाचशे किलोमीटरवर नेऊन सोडला. उद्देश हाच: हौशी रेडिओवाल्यानं खालून निरोप द्यायचा, उपग्रहानं तो पोटात ठेवायचा आणि दुसऱ्याच्या डोक्यावर आल्यावर उतरवायचा. त्याला एका वेळी दिसणारा पृथ्वीचा भाग भारताच्या साडेपाच पटींहून थोडा मोठा. ३२० टनांचं रॉकेट, किलोभर पोस्टमन. दिशा राखायला त्यात इंधन नव्हतं, मोटर नव्हती; चुंबक ठेवले होते, ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राकडे होकायंत्रासारखे वळावेत म्हणून. मला यातलं हेच जास्त आवडलं.

त्या दुपारी मित्रानं स्वतःलाच एक चाचणी-निरोप पाठवला. लाउडस्पीकरमधून खर्र, खर्र असा आवाज, मध्ये श्वास घ्यावा तशी पोकळी, पुन्हा खर्र. आई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. पुण्याला शिकायला असलेल्या नातवाला यातून काही पाठवता येईल का, त्यांनी विचारलं. 'जेवलास का?' एवढंच. मी लगेच मोजलं: २६ बाइट, दोन खेपा, अडीच सेकंद.

मित्र कसंनुसं हसला. "आई, नियमानं दुसऱ्याचा निरोप आज नाही नेता येत. लायसन माझं आहे ना. पूर आला, भूकंप झाला, फोन बंद पडले, तेव्हा नेता येतो."

"म्हणजे पूर यायची वाट बघू?" आई म्हणाल्या. "राहू दे रे बाबा. फोनच लावते."